लढाऊ विमानाच्या झाकणाचं रबर

भाऊ पेटीत गुदमरत होते आणि झाकण उघडत नव्हतं.

झाकण काचेचं होतं, म्हणून आम्हाला सगळं दिसत होतं. आत निळसर धूर भरला होता. भाऊंनी तोंडावर रुमाल धरला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि छाती वरखाली होत होती. यशवंत फिटरने दोन्ही कड्या ओढून पाहिल्या, मग पाय रोवून ओढल्या, मग कडीत पाना अडकवून त्यावर सगळं अंग टाकलं. कडी जागची हलली नाही. पेटीत हवा कोंडली होती आणि ती आतून झाकण वर रेटत होती. कुकरमध्ये वाफ असताना झाकण फिरत नाही, तसंच. वाफ जायला कुकरला शिटी असते, तशी या पेटीलाही पितळेची होती. ती अडकली होती.

यशवंतने मोठा हातोडा उचलला. "काच फोडतो!"

भाऊंनी आतून हात हलवला. नको. आत हवा ठासून भरलेली, काच फुटली असती तर तुकडे यशवंतच्याच तोंडावर आले असते. तेवढं मलाही कळत होतं.

मी पेटीच्या मागच्या टोकाला उभी होते. एका हातात साबणाच्या फेसाचा ब्रश, दुसरा हात एप्रनच्या खिशात. खिशात माझं पातं होतं. ते मी बाहेर काढलं आणि भाऊंनी पाहिलं. त्यांनी रुमाल सोडला आणि दोन्ही हात हलवले. हातोड्याला हलवला होता त्याहून जोरात. नाही, नाही.

मरायला टेकलेला माणूस सोडवणाऱ्याला 'नाही' का म्हणतो, हे कळायला भाऊ कसे होते ते आधी सांगायला हवं.

भाऊ देवमाणूस वगैरे नव्हते. किरकिरे होते. अंगाने काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्याच्या खिशात दोन चष्मे आणि नाकावर तिसरा. रबराचा कारखाना होता त्यांचा, पण शेठ म्हटलेलं खपायचं नाही. "शेठ दुकानात बसतो," म्हणायचे. म्हणून सगळे भाऊ म्हणायचे.

ठाण्याच्या माजिवड्याला तेव्हा पूल नव्हता. हायवेच्या दोन्ही अंगांना भातशेती आणि मधूनमधून पत्र्याच्या शेडी. भाऊंची शेड माझ्या थोरल्या दिरांच्या जागेत भाड्याने होती. मी मूळची कोपरची. वडील मिठागरात होते. चौथी झाली आणि शाळा सुटली, लग्न होऊन माजिवड्याला आले. शेडमध्ये बायका हव्यात असं दीर म्हणाले, म्हणून गेले.

भाऊंनी विचारलं, "किती शिकलात?"

"चौथी."

त्यांनी हातावर एक काळी रबराची रिंग ठेवली, बांगडीपेक्षा लहान. "डोळे मिटा. ही खालच्या ओठावरून फिरवा. कुठे अडतं ते सांगा."

मी म्हटलं, "मी कामाला आलेय, नाटकाला नाही."

"हेच काम आहे."

मी फिरवली. एका जागी काहीतरी लागलं, भातातला खडा दाताखाली येतो तसं, पण त्याहून फार बारीक. "इथे," मी म्हटलं. भाऊंनी ती रिंग स्वतःच्या ओठावरून फिरवली आणि म्हणाले, "उद्यापासून या." मी ओठ पुसला. रबराचा वास मात्र संध्याकाळपर्यंत गेला नाही.

बोटाला घट्टे पडतात, ओठाला पडत नाहीत, हे त्यांचं शास्त्र. शेडमधली प्रत्येक रिंग कुणाच्या ना कुणाच्या ओठावरून गेलेली असायची, मगच धुऊन डब्यात पडायची. भाऊंना तर ती खोडच लागली होती. मंडईत टोमॅटो ओठाला लावायचे. बँकेत पितळेचा बिल्ला मिळायचा तो ओठावरून फिरवून कारकुनाला सांगायचे, "कड झिजलीय." त्यांच्या बायकोने, वहिनींनी, त्यांच्याबरोबर मंडईत जाणं सोडून दिलं होतं. "लोक मला विचारतात, भाऊंना काय झालंय म्हणून," त्या म्हणायच्या. "मी सांगते, काही झालेलं नाही, जन्मापासून असेच आहेत."

मला ते 'चौथीवाल्या बाई' म्हणायचे. अपमान म्हणून नव्हे. कुणाला 'सातवीवाल्या' म्हणायचे, यशवंतला 'आयटीआय'. पारूबाईला फक्त पारूबाई, कारण ती शाळेत गेलीच नव्हती आणि तिला दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. ती माझ्याच गावची, माझ्या आईच्या वयाची.

आमचं काम सोपं होतं. साच्यातून निघालेल्या रबराच्या कडेला पातळ पदर राहतो, पापडाच्या कडेसारखा. तो कापायचा. त्यासाठी प्रत्येकीकडे स्वतःचं पातं. दाढीचं अर्धं ब्लेड बांबूच्या मुठीत बसवलेलं. पदर कापायचा, पण रबराच्या अंगाला पातं लागू द्यायचं नाही. नुसता ओरखडा गेला तरी नग बाद. जमिनीवर तो ओरखडा काही करत नाही, विमान वर गेलं की तिथूनच फाटतं, असं भाऊ सांगायचे.

आता दिवसभर पातं चालवायचं म्हणजे कधीतरी लागणारच. त्यावर भाऊंनी एक पद्धत घातली होती. लागलं की जिचं तिने मोठ्याने ओरडायचं, "लागलं!" आणि तो नग दाराजवळच्या पिंपात टाकायचा. कोणी काही बोलायचं नाही. भाऊ वर बघायचेसुद्धा नाहीत. पण लपवलं तर त्याच दिवशी घरी. एकीने ओरखडा थुंकी लावून दाबला होता. भाऊंना ओठाला कळलं. ती रडली, तिचा नवरा येऊन हातापाया पडला, माझे दीर मध्ये पडले. भाऊ म्हणाले, "मी रागावलेलो नाही. पण ती इथे नको." ते मला तेव्हाही जास्त वाटलं होतं आणि आजही वाटतं.

दुसरी त्यांची खोड म्हणजे 'चालेल' हा शब्द. ठाण्यात माणूस दिवसातून कितीदा चालेल म्हणतो. चहा चालेल, उद्या चालेल, एवढं चालेल. भाऊंसमोर म्हटलं की ते काम थांबवायचे. "चालेल म्हणजे काय? बसतं की बसत नाही?"

त्यांच्या मुलीला पाहायला डोंबिवलीहून माणसं आली होती. हे वहिनींनीच आम्हाला सांगितलं. पोहे झाले, मुलगी आत गेली आणि मुलाचे काका म्हणाले, "आम्हाला मुलगी चालेल." भाऊ उठले आणि चपला घालून दारात उभे राहिले. पाहुण्यांना वाटलं पान आणायला निघाले. भाऊ म्हणाले, "या आपण." वहिनी म्हणाल्या, "त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही काय चुकलं ते." मुलगी मात्र हसली म्हणे. पुढे तिने तिच्या मनाने लग्न केलं, तेव्हा भाऊंनी जावयाला एवढंच विचारलं, "तुम्हाला ही हवी आहे का?" तो हो म्हणाला. भाऊ बसले.

शेडमध्ये पंपांच्या रिंगा व्हायच्या, गाड्यांची रबरं व्हायची, पोट त्यावर चालायचं. पण भाऊंचा जीव विमानात होता. लढाऊ विमानात. त्यात ते कधी बसले नव्हते.

ते विमान आपलं नव्हतं. परदेशातून घेतलेलं, मग इथे जोडायला लागले. पण बारीकसारीक भाग तिकडूनच यायचे. त्यांची तिकडे सुधारणा चालूच. नवं रूप निघालं की जुन्याचे भाग करणं बंद. इकडे आपल्याकडे जुनी विमानं उभी. भाऊ जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर घेऊन आम्हाला ही हकिकत सांगायचे. विमानांचे आकडे आम्हाला कुठले लक्षात राहायला, म्हणून त्यांनी थोरला, मधला, धाकटा अशी नावं पाडली होती.

"थोरला सडपातळ. नाक बारीक. दिवसाउजेडीच लढायचा, रात्री त्याला दिसत नव्हतं. मग मधला आला. त्याच्या नाकात रडार बसवलं, म्हणून नाक जाड झालं. मग धाकटा. त्याच्या पाठीवर जास्त तेल भरायचं होतं, म्हणून पाठीला पोक आला."

पारूबाई विचारायची, "आन् यांची आई कोन?"

भाऊ घास हातात धरून विचार करायचे. "आई म्हणजे आधीचं एक विमान. पंख मागे झुकलेले. तिचं नाक उघडंच होतं."

"मंग पोरं आईवर गेली नाय."

"वेग आईचाच. तिघंही उतरताना फार वेगात उतरतात. तो घराण्याचा दोष आहे."

यशवंत तोंड फिरवून हसायचा. भाऊ हसायचे नाहीत. ते खरंच घराण्याबद्दल बोलत होते.

एकदा हवाई दलाच्या डेपोत ते रिंगा द्यायला गेले आणि तिथे त्यांनी धाकट्याला पाहिलं. वैमानिक बसतो त्या जागेवर काचेचं झाकण असतं. त्या झाकणाच्या कडेला सायकलच्या ट्यूबसारखं पोकळ रबर असतं, त्याला सील म्हणतात. झाकण लावलं की त्यात हवा भरतात, ते फुगतं आणि फट बुजते. त्या विमानाचं सील वाळून चिरलं होतं, नवं तिकडून येत नव्हतं. विमान हँगरच्या बाहेर उभं, झाकणावर प्लॅस्टिकचा कागद सुतळीने बांधलेला. आपण भाताच्या कणगीवर बांधतो तसा. भाऊ परत आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वर हवा विरळ असते. सील नसेल तर आतली हवा निघून जाते, म्हणून वैमानिकाला वर जाता येत नाही. आणि लढाऊ विमान खालून उडालं तर त्याला कोणीही पाडेल. एवढं मोठं जनावर रबराच्या एका तुकड्यासाठी बांधून ठेवलंय."

मग त्यांनी ते सील करायचं मनावर घेतलं. नकाशा कोणी देईना. नमुना म्हणून डेपोतून एक जुनं, दगडासारखं झालेलं सील मिळालं. भाऊंनी त्यावरून साचा केला, सील केलं, घेऊन गेले. ते बसलं नाही. फुगलं, पण एका बाजूने पीळ पडला. पुन्हा केलं, पुन्हा पीळ. लोक म्हणाले, रबरच वाईट. भाऊ आठवडेच्या आठवडे तो नमुना गळ्यात घालून फिरायचे, अक्षरशः गळ्यात, हारासारखा. जेवतानाही.

शेवटी त्यांच्याच डोक्यात आलं. एक दिवस ते उठले आणि माझ्या डब्याचं झाकण वरून दाबून लावलं. मग पारूबाईच्या कडीच्या डब्याचं झाकण बाजूने आणून लावलं. दोन्ही पुन्हा पुन्हा. आमचं जेवण तसंच राहिलं.

"थोरल्या आणि मधल्याचं झाकण पुढच्या बाजूला बिजागरी लावलेलं, ते दोन्ही अंगांना सारखं दाबतं," ते म्हणाले. "धाकट्याचं कुशीवर उघडतं. कुशीवर उघडणारं झाकण बंद होताना एका अंगाला रबर दाबतं आणि दुसऱ्या अंगाला घासतं. नमुना मधल्याचा आहे. आपण मधल्याचा सदरा धाकट्याला घालत होतो."

त्यांनी एका अंगाला जाड आणि एका अंगाला पातळ असं सील केलं. त्याची दोन टोकं एकत्र आणून जोड द्यावा लागायचा. तो जोड भाऊंनी स्वतः दिला, तीनदा कापून तीनदा दिला. तो ओठाला लागत नव्हता. मी फिरवून पाहिलाय, म्हणून सांगते.

आता ते टिकतं का हे पाहायला हवं. भाऊंनी भंगारातून धाकट्याचं एक तडा नसलेलं जुनं झाकण मिळवलं आणि यशवंतकडून त्याखाली लोखंडी पेटी करून घेतली. आत खुर्ची. पेटीत कॉम्प्रेसरने हवा भरायची, झाकणाच्या कडेने ती निसटते का ते बघायचं. बाहेरून आम्ही बायका दाढीच्या ब्रशने कडेला साबणाचा फेस लावायचो. फेसाचा बुडबुडा आला की तिथे गळती. हवा जास्त झाली तर जायला पितळेची शिटी. ठरावीक दाबाला ती आपोआप उचलायची आणि आत-बाहेर दोन्हीकडून साखळीने ओढताही यायची.

आणि आत भाऊ बसायचे. वहिनी म्हणाल्या, "रिकामी पेटी तपासता येत नाही का?"

"येते," भाऊ म्हणाले. "पण विमानात कोणीतरी बसणार आहे. मी बसायला घाबरलो तर त्याने का बसावं?"

वहिनी म्हणाल्या, "त्याला पगार मिळतो त्याचा." आणि डबा ठेवून निघून गेल्या.

सील तयार झालं तेव्हा नवरात्र होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हवाई दलाचे तपासनीस साहेब पाहायला येणार होते. त्यांनी पसंत केलं तर भाऊ अशी सीलं करून देणार आणि प्लॅस्टिक बांधलेली विमानं उडणार. सील एकच होतं. दुसरं करायला महिने लागले असते.

खंडेनवमीला सगळ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा असते. भाऊंचा पूजेला विरोध नव्हता, तेलाला होता. तेल लागलं की रबर फुगतं आणि सडतं. दर वर्षी ते बजावायचे, "लेथला करा, प्रेसला करा, दाराला करा. रबराजवळ तेल नको." यंदा म्हणाले, "पेटीला हातच लावू नका."

लावला पारूबाईने. सगळे प्रसाद घेऊन गेल्यावर. तिचं म्हणणं सरळ होतं. लेथला हार, प्रेसला हार, आणि ज्यात जिवंत माणूस बसतो ती पेटी तशीच ठेवायची? पेटी सगळी राखाडी रंग मारलेली. देवासारखं चकाकणारं तिच्यात एकच होतं, ती पितळेची शिटी. तिने शिटीला हळदकुंकू लावलं. ते पितळेवर ठरेना. तेल लावलं असतं तर ठरलं असतं, पण तेलाला भाऊंची बंदी, आणि ती बंदी पारूबाईने कधी मोडली नव्हती. म्हणून तिने नैवेद्यातला गूळ पाण्यात कालवून लावला, त्यावर कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. फूल दसऱ्याला वाळून पडलं. गूळ शिटीच्या दांडीत उतरून दगडासारखा बसला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेब यायच्या आधी एकदा करून पाहू म्हणून भाऊ पेटीत बसले. शेडमध्ये आम्ही चौघंच, बाकीच्यांना सुट्टी होती. यशवंत कॉम्प्रेसरवर, मी आणि पारूबाई फेस घेऊन. पेटीतला दाब वाढत गेला. एकही बुडबुडा नाही. भाऊंनी आतून अंगठा वर केला. त्यांना मी तसं खूश कधी पाहिलं नव्हतं. मग शिटी उचलायची वेळ झाली आणि ती उचलली नाही. कॉम्प्रेसर जुना, आधीच तेल जाळणारा. तो हवा रेटत राहिला, तापला, आणि नळीतून आत धूर आला. यशवंतने बटण बंद केलं, नळी उपटली. पण भरलेली हवा मागे येऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी झडप होती, सायकलच्या ट्यूबला असते तशी. धूर आत राहिला. सीलमधली हवा सोडायची झडप भाऊंच्या खुर्चीच्या मागे, विमानात असते तिथेच. त्यांचा हात तिथे पोचत नव्हता.

भाऊ आतून शिटीची साखळी ओढत होते. यशवंत बाहेरून ओढत होता. साखळी तुटली.

सील थोडंसं जरी वाईट असतं, तरी हवा कडेने निसटली असती आणि झाकण सुटलं असतं. पण ते चांगलं होतं.

मग हातोडा झाला, माझं पातं झालं, भाऊंचं 'नाही, नाही' झालं.

पारूबाई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "त्यो नको बोलतो गो."

मी म्हटलं, "बोलू दे."

भाऊंचे हात खाली पडले. मान काचेला टेकली. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती, तिच्यात फुगलेलं सील काळं चकचकीत दिसत होतं. इतकी वर्षं ज्या अंगाला पातं लागू दिलं नाही, त्याच अंगात मी ते मुठीपर्यंत घातलं आणि खेचलं. आणि सवयीने ओरडले, "लागलं!"

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. ट्रकचा टायर फुटतो तसा आवाज झाला. पातं हातातून उडालं, फेस तोंडावर आला, कडेने धूर फुसकन बाहेर पडला. माझा डावा कान त्या दिवसापासून कमी ऐकतो. यशवंतने कडी ओढली, ती सहज आली. आम्ही तिघांनी भाऊंना काखेत धरून उचललं आणि दारात, हवेत, आडवं केलं. पारूबाईने त्यांच्या पाठीत गुद्दे घातले. मनापासून घातले.

भाऊ खोकले. काळं काळं थुंकले. बराच वेळ खोकत होते. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "कुठे लागलं?"

मी म्हटलं, "मागे."

"जोडावर?"

"जोडापासून चार बोटं लांब."

"मग ठीक," म्हणाले आणि पुन्हा खोकायला लागले.

यशवंतने शिटी उघडली तेव्हा आत गूळ आणि तांदूळ दिसले. पारूबाईने कोणाची वाट पाहिली नाही. "मीच लावलाय," म्हणाली. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. "गूळ कशाला?"

"कुंकू ठरत नव्हता."

"तेलाने ठरलं असतं."

"तेल लावायचा नाय, तुमीच बोलता."

ती उघड बोलली होती, लपवलं नव्हतं, आणि नियम भाऊंचाच होता. पारूबाई दुसऱ्या दिवशी कामावर होती. कोणी काही बोललं नाही.

वहिनी डबा घेऊन आल्या तेव्हा भाऊ स्टुलावर बसले होते, नाकपुड्या काळ्या. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग डबा भाऊंच्या हातात न देता माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही जेवा." भाऊ त्या दिवशी आमच्यातलं जेवले.

दुपारी तपासनीस साहेब आले. भाऊंनी कापलेलं सील त्यांच्यापुढे ठेवलं आणि झालं तसं सांगितलं, गुळासकट. साहेब उत्तरेकडचे होते. गूळ, कुंकू, पेटी हे सगळं त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी यशवंतला विचारलं, कॉम्प्रेसर बंद केल्यापासून पातं लागेपर्यंत दाबाचा काटा किती उतरला?

"उतरला नाही," यशवंत म्हणाला.

"अजिबात नाही?"

"उतरला असता तर आम्ही कापलं कशाला असतं साहेब?"

साहेबांनी सील हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. म्हणाले, कापलेला नग मी पसंत करू शकत नाही. नवं करा, मी परत येईन. आणि पेटीत पुन्हा माणूस बसवलात तर येणार नाही. भाऊ वाद घालायला लागले. त्यांना खोकला आला म्हणून तो वाद साहेबांनी जिंकला.

नवं सील झालं. पेटीही सुधारायची होती. भाऊ कागदावर शिट्यांची चित्रं काढत बसले होते. मी म्हटलं, "पेटीला एक साधं भोक ठेवा आणि त्याला आपल्याच रबराचं बूच. बाहेरून दोरी. काही झालं तर ओढून काढायचं. त्याला गूळ लागला तरी ते निघेल."

भाऊंनी तीनही चष्मे आलटून पालटून लावले. बुचाचा विचार करताना खालचा ओठ चिमटीत धरला. मग म्हणाले, "चालेल."

पारूबाईच्या हातातून रिंगांचा डबा पडला. सगळ्या रिंगा शेडभर पळाल्या आणि आम्हाला पुन्हा एकेक ओठाला लावून तपासाव्या लागल्या.

साहेब परत आले, सील पसंत झालं, भाऊंनी तशी पुष्कळ केली. थोरला आणि मधला पुढे भंगारात गेले, धाकटा बरीच वर्षं उडाला. आमचं रबर लागलेलं विमान मी जवळून कधी पाहिलं नाही. शेड आता नाही, तिथे उंच इमारत आहे. कुकरची रिंग बदलताना मी अजून ती ओठावरून फिरवून पाहते, सून हसते.

ही हकिकत सांगितली की ऐकणारे विचारतात, मग त्यात गेलं कोण? कोणीच नाही. भाऊ, यशवंत, पारूबाई आणि मी. त्या दिवशी संध्याकाळी चौघंही आपापल्या घरी जेवलो.